अंधाराचा भोंगा

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या घरात दोन पाळ्या चालू होत्या. आई पहाटे साडेतीनला उठून देवघरात समई लावत असे आणि साधारण त्याच वेळी मी बाहेरच्या खोलीतला दिवा मालवून अंथरुणाला पाठ टेकत असे. ‘आता उठलास की आता झोपतोस?’ असे ती सुरुवातीला विचारी. पुढे तिने विचारणे सोडले आणि स्वतःच्या चहाबरोबर माझाही अर्धा कप टाकू लागली. त्या चहाला मी कधी नाही म्हटले नाही, आणि त्यामुळे उरलीसुरली झोपही उडून जात असे.

मी सांगलीत विश्रामबागेत राहतो आणि वाळवा तालुक्यातील एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली बावीस वर्षे केमिस्ट आहे. वय ५१. गळीत हंगामात कारखाना चोवीस तास चालतो. आमच्याकडे पहाटे ४ ते दुपारी १२, दुपारी १२ ते रात्री ८ आणि रात्री ८ ते पहाटे ४ अशा तीन पाळ्या आहेत, आणि दर आठवड्याला पाळी बदलते. बदलण्याचा क्रम मात्र उलटा आहे, म्हणजे या आठवड्यात रात्री आठची, पुढच्या आठवड्यात दुपारी बाराची आणि त्यानंतर पहाटे चारची. हा क्रम कोणी आणि का ठरवला हे आज कारखान्यात कोणालाच सांगता येत नाही, आणि इतकी वर्षे मीही ते कधी विचारले नव्हते. दर तासाला रसाचा ब्रिक्स (विरघळलेले एकूण घनपदार्थ) घ्यायचा, ठरलेल्या वेळी पोल (रसातील साखर) काढायचा, चुन्याचे दूध आणि गंधकाचा धूर दिलेल्या रसाचा पीएच सातच्या आसपास आहे ना ते पाहायचे, असे आमचे काम असते. मधूनच पॅनवर, म्हणजे रस आटवून साखरेचे दाणे धरवण्याच्या भांड्यावर, गेले की पॅनमन काचेच्या पट्टीवर मॅसिक्विटचा (दाणे आणि पाक यांच्या दाट मिश्रणाचा) थेंब ओढून पांढऱ्या दिव्यासमोर धरतो आणि दाणा कसा धरला आहे ते दाखवतो. रात्री दोन वाजता त्या दिव्यापासून वीतभर अंतरावर डोळे नेऊन साखरेचे दाणे न्याहाळण्याचे काम मी दोन दशके केले. त्या प्रकाशाचा झोपेशी काही संबंध असेल, हे माझ्या मनातही आले नव्हते.

हंगाम मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात संपला आणि एप्रिलपासून आम्हाला सकाळी साडेआठची साधी पाळी लागली. दरवर्षी आठ-दहा दिवसांत झोप पूर्वपदावर येत असे. या वेळी ती आलीच नाही. रात्री अकराला आडवे व्हावे, छताकडे पाहत राहावे, मग मोबाइल हातात घ्यावा, आणि तीन वाजून गेल्यावर अचानक कोणी कळ दाबल्यासारखी झोप लागावी, असे रोज होऊ लागले. सकाळी सातला गजर झाल्यावर सौभाग्यवती अक्षरशः हाताला धरून उठवत. रविवारी मात्र मी अकरा वाजेपर्यंत गाढ झोपत असे आणि उठल्यावर अगदी ताजातवाना असे. हा तपशील महत्त्वाचा होता हे मला नंतर कळले. झोप मोडलेली नव्हती, ती फक्त चार तास सरकलेली होती.

पुण्याला संगणक कंपनीत असलेल्या माझ्या पुतण्याने यावर उपाय सुचवला. ‘काका, मेलाटोनिन घ्या. नैसर्गिक असतं, सवय लागत नाही, आमच्या ऑफिसात निम्मे लोक घेतात,’ असे सांगून त्याने परस्पर ऑनलाइन मागणी नोंदवली आणि तिसऱ्या दिवशी घरी बाटली आली. आत जांभळ्या रंगाच्या, साखर लावलेल्या मऊ गोळ्या होत्या. प्रत्येकीत ५ मिलिग्रॅम मेलाटोनिन असल्याचे आणि रात्री झोपताना दोन घेण्याचे लेबलवर लिहिले होते. ज्या माणसाने आयुष्यभर दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या आकड्यावरून शिकाऊ मुलांशी हुज्जत घातली, त्याने हे १० मिलिग्रॅम म्हणजे थोडे की फार, आणि ‘झोपताना’ म्हणजे नेमके किती वाजता, यांपैकी एकही प्रश्न विचारला नाही. चव चांगली होती. मी दोन चघळल्या आणि पडून राहिलो.

पहिल्या तीन रात्री दीड-दोनच्या सुमारास झोप लागली, त्यामुळे औषध लागू पडले असे मी पुतण्याला कळवूनही टाकले. चौथ्या रात्रीपासून पुन्हा तीन वाजू लागले. मग मी पहाटे दोनला उठून तिसरी गोळी घेऊ लागलो. त्या दिवसांतली स्वप्ने अजून आठवतात. त्यांत ऊस, पूर आणि दिवंगत नातेवाईक एकमेकांत मिसळलेले असत आणि सगळे काही चित्रपटासारखे स्पष्ट दिसत असे. सकाळी डोके ओल्या घोंगडीसारखे जड होई आणि अकरा वाजेपर्यंत ते हलके होत नसे. ‘गोळी तुम्ही घेता आणि जागी मी राहते,’ असे सौभाग्यवती म्हणाल्या, कारण मी झोपेत बडबडत होतो.

हा प्रकार थांबण्याला एक आकडा कारणीभूत झाला. हंगामाचा अंतिम अहवाल तयार करताना मी प्रयोगशाळेच्या नोंदवहीतले आकडे संगणकावर उतरवत होतो. दुपारी वरिष्ठांनी मला बोलावून एका ओळीवर बोट ठेवले. त्या दिवशीच्या मिश्र रसाची शुद्धता १२२ टक्के दिसत होती. रसाची शुद्धता म्हणजे पोलला ब्रिक्सने भागून आलेली टक्केवारी. पोल म्हणजे रसातील साखर आणि ब्रिक्स म्हणजे त्यात विरघळलेले एकूण घनपदार्थ. एकूण घनपदार्थांपेक्षा साखर जास्त असूच शकत नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. मी ब्रिक्स १७.२ आणि पोल १४.१ या आकड्यांची अदलाबदल केली होती, आणि तीही एका नव्हे, अकरा दिवसांच्या नोंदींत. वरिष्ठ काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त चष्म्यावरून पाहिले. त्याच आठवड्यात मी मिरजेला झोपेच्या विकारांवर काम करणाऱ्या एका डॉक्टरबाईंची वेळ घेतली.

त्यांनी पहिली पंधरा मिनिटे फक्त प्रश्न विचारले. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, याची उत्तरे माझ्याऐवजी सौभाग्यवतींकडून घेतली. दिवसाचा चहा मोजायला लावला, तेव्हा तो सात कप निघाला आणि शेवटचा रात्री नऊचा होता. रक्तदाबाची कोणती गोळी किती वाजता घेता हेही त्यांनी लिहून घेतले. रविवारच्या अकरा वाजताच्या जागेपणावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘तुम्हाला निद्रानाश नाही. तुमचं घड्याळ उशिरा चालतंय.’ त्यानंतर त्यांनी दोन आठवडे गोळ्या पूर्ण बंद ठेवून झोपेची नोंदवही लिहायला सांगितली. नोंदवही हा माझ्या आवडीचा विषय. मी रकाने आखून दिवे मालवल्याची वेळ, झोप लागल्याची अंदाजे वेळ, जाग, चहा आणि दुपारची डुलकी हे सर्व चौदा दिवस लिहिले. सरासरी काढली तेव्हा झोप लागण्याची वेळ पहाटे २ वाजून ५० मिनिटे आली, आणि चौदाही दिवस ती या वेळेच्या आगेमागे अर्ध्या तासातच होती. माझी झोप बेशिस्त झाली आहे असे मी समजत होतो. आकडे पाहिल्यावर ती कमालीची शिस्तबद्ध निघाली.

दुसऱ्या भेटीत त्यांनी मेलाटोनिन म्हणजे काय हे समजावून सांगितले. त्यांनी सांगितलेले आणि नंतर मी वाचलेले आता एकमेकांत मिसळून गेले आहे, म्हणून ते एकत्रच सांगतो. मेंदूच्या मध्यभागी वाटाण्याहूनही लहान अशी पीनिअल ग्रंथी असते आणि ती रात्री सेरोटोनिन या रसायनापासून मेलाटोनिन तयार करते. हा पदार्थ १९५८ मध्ये येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ आरॉन लर्नर यांनी गुरांच्या पीनिअल ग्रंथींतून वेगळा काढला. गंमत अशी की लर्नर झोपेच्या मागे नव्हतेच. बेडकाच्या कातडीचा रंग फिकट करणारा घटक त्यांना हवा होता, कारण माणसाच्या त्वचेच्या रंगाच्या विकारांवर त्याचा उपयोग होईल अशी त्यांना आशा होती. त्या कामी तो आला नाही, पण नावातला ‘मेला’ (त्वचेच्या मेलानिन या रंगद्रव्यावरून आलेला) त्या शोधाची खूण म्हणून राहिला. रसायनशास्त्रात असे बरेचदा होते. शोधायला जावे एक आणि हाती लागावे दुसरे.

ही ग्रंथी रात्र झाली हे स्वतः ओळखत नाही. डोळ्यांच्या पडद्यामध्ये पाहण्याच्या पेशींखेरीज मेलानोप्सिन नावाचे द्रव्य असलेल्या काही वेगळ्या पेशी असतात. त्या चित्र पाहत नाहीत, फक्त उजेड किती आहे हे कळवतात, आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर प्रकाश त्यांना सर्वांत जास्त जाणवतो. हा निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधील सुप्राकायझ्मॅटिक न्यूक्लियस या पेशींच्या पुंजक्याकडे जातो. शरीराचे मुख्य घड्याळ ते हेच. तिथून पीनिअलपर्यंतची वाट सरळ नाही. ती मेंदूतून खाली पाठीच्या कण्यात उतरते, मानेतील चेतापेशींच्या गाठीतून वळसा घेते आणि पुन्हा वर चढते, म्हणजे सांगलीहून मिरजेला जाण्यासाठी आधी जतला जाऊन यावे तशी. नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी मेलाटोनिन वाढू लागते, मध्यरात्रीनंतर ते सर्वाधिक असते आणि सकाळी ओसरते. मध्येच डोळ्यांवर तेज प्रकाश पडला तर ते बनणे थांबते. पॅनवरचा पांढरा दिवा मला त्या क्षणी आठवला.

यातली एक गोष्ट माझ्या सर्वाधिक लक्षात राहिली. उंदीर रात्रभर जागा असतो आणि दिवसा झोपतो, तरीही त्याच्या रक्तात मेलाटोनिन रात्रीच वाढते. आमच्या साखर गोदामातले उंदीर ते रक्तात घेऊनच पोती कुरतडत हिंडतात. म्हणजे मेलाटोनिन झोप आणत नाही, ते अंधार झाल्याची वर्दी देते, आणि त्या वर्दीचे काय करायचे हे ज्याचे त्याचे शरीर ठरवते. मला एकदम कारखान्याचा भोंगा आठवला. भोंगा पाळी बदलल्याचे सांगतो, तो ऊस गाळत नाही. तो दहापट मोठ्याने वाजवला म्हणून दुसऱ्या पाळीची माणसे लवकर येत नाहीत, पण अवेळी वाजला तर गेटवर गोंधळ उडतो. मी नेमके हेच केले होते. माझे शरीर स्वतःचा भोंगा रात्री एकच्या सुमारास वाजवत होते, आणि मी त्याच सुमारास त्यावर दुसरा प्रचंड भोंगा वाजवत होतो. त्याने घड्याळ फारसे हलणार नव्हते. मेलाटोनिन साधारण तासाभरात निम्मे होते खरे, पण मुळात मात्राच अवाढव्य असेल आणि वर पहाटे दोनला तिची पुरवणी घेतली असेल, तर त्याचा अंश सकाळपर्यंत रेंगाळतो. सकाळचे मेलाटोनिन घड्याळ आणखी उशिराकडे ढकलते आणि संध्याकाळचे ते लवकरच्या बाजूला आणते. एकाच पदार्थाचा घेण्याच्या वेळेनुसार उलटा परिणाम व्हावा, हे मला सुरुवातीला पटत नव्हते.

मात्रेबाबतही माझा समज उलटाच होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील रिचर्ड वुर्टमन यांच्या गटाने ०.३ मिलिग्रॅमने रक्तातील पातळी रात्रीच्या नैसर्गिक पातळीइतकी येते असे दाखवले होते. मी घेत होतो त्याचा तो तेहतिसावा भाग. सामान्य निद्रानाशावर तर हे औषध फारसे करतही नाही. २०१३ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात मेलाटोनिनने झोप सरासरी सात मिनिटे लवकर लागते आणि एकूण झोप आठ मिनिटांनी वाढते असे आढळले. झोपेच्या वैद्यकातील अमेरिकन तज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशासाठी ते न वापरण्याकडे कल दर्शवला. विमानप्रवासानंतर बिघडलेली झोप, अंध व्यक्तींचे दररोज थोडे थोडे सरकत जाणारे घड्याळ आणि माझ्यासारखी उशिरा सरकलेली झोप, अशा घड्याळाच्या तक्रारींत मात्र त्याला खरे काम आहे.

आई माझ्याबरोबर आली होती, गुडघ्यांसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचे म्हणून. तिने मध्येच विचारले, ‘मलाबी देता का ती जांभळी गोळी? साडेतीनलाच जाग येती.’ मी घरात नसताना तिने एक-दोन खाल्ल्याही होत्या, हे मला तिथे कळले. डॉक्टरबाईंनी तिला झोपण्याची वेळ विचारली. ती रात्री साडेआठला झोपते. ‘म्हणजे सात तास झाले की हो आजी,’ त्या म्हणाल्या. वयाबरोबर घड्याळ लवकरच्या बाजूला सरकते, आणि संध्याकाळी मेलाटोनिन दिले तर ते आणखी लवकर सरकून आई अडीचला उठू लागेल, असे त्यांनी मला समजावले. शिवाय आई रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेते, आणि तिच्याबरोबर हे परस्पर घेणे धोक्याचे ठरू शकते. बाटली घरी गेल्यावर फेकून दिली.

फेकण्यापूर्वी मात्र मी त्या लेबलचा विचार करत बसलो होतो. कॅनडात २०१७ मध्ये बाजारातील ३१ मेलाटोनिन उत्पादने तपासली, तेव्हा प्रत्यक्ष मात्रा लेबलपेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त इतकी इकडेतिकडे आढळली, आणि ८ उत्पादनांत सेरोटोनिनही सापडले. अमेरिकेत २०२३ मध्ये २५ प्रकारच्या मऊ गोळ्या तपासल्या, त्यांतील २२ चे लेबल चुकीचे ठरले. साखरेच्या भाषेत सांगायचे तर ५० किलोच्या छापील पोत्यात एकदा साडेआठ किलो भरावी आणि एकदा २८९ किलो. असे एक पोते आमच्या गेटबाहेर गेले असते तर दुसऱ्या दिवशी निलंबनाची ऑर्डर हातात पडली असती. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने मेलाटोनिन अन्नपूरकांत मोडते, म्हणून ते तिथे किराणा मालासारखे मिळते. ब्रिटनमध्ये ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळते, आणि युरोपात २००७ मध्ये २ मिलिग्रॅमच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळीला मान्यता मिळाली तीही ५५ वर्षे आणि त्यावरील वयाच्या निद्रानाशाच्या रुग्णांसाठी. पदार्थ एकच, पण एका देशात मिठाई आणि दुसऱ्या देशात औषध.

डॉक्टरबाईंनी चिठ्ठीवर ३ मिलिग्रॅमची साधी गोळी लिहून दिली, तिचा चौथा भाग रात्री साडेनऊला घ्यायचा. गोळीवर मधोमध खाच होती, पण चौथ्या भागाची सोय नव्हती. प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत मी ती नव्या पात्याने कापली आणि दशांशाचे चार आकडे दाखवणाऱ्या काट्यावर तोलली. पूर्ण गोळी ०.१२०४ ग्रॅम भरली होती. चार तुकडे ०.०३३१, ०.०२८७, ०.०३०२ आणि ०.०२७१ भरले, आणि १.३ मिलिग्रॅम भुकटी पात्याला आणि कागदाला चिकटली. म्हणजे मोठ्या तुकड्यात ०.८२ आणि लहान तुकड्यात ०.६८ मिलिग्रॅम मेलाटोनिन असावे, अर्थात ते गोळीत सगळीकडे सारखे मिसळले आहे असे धरून. ते खरेच तेवढे आहे का, हे माझ्या पोलरीमीटरने कधीच सांगितले नसते. साखरेचा रेणू प्रकाशाचे प्रतल फिरवतो म्हणून आम्हाला पोल काढता येतो, मेलाटोनिनच्या रेणूत तो गुणच नाही. आमचा विट्याकडचा सहायक शेजारी उभा राहून हे सर्व पाहत होता. ‘सायेब, आमच्याकडचं गलाईवालं सोनंबी एवढं तोलत न्हाईत,’ असे तो म्हणाला. मी प्रत्येक तुकडा काचेच्या छोट्या बाटलीत घालून चिठ्ठी लावली.

गोळी हा उपचाराचा लहान भाग होता. सकाळी उठताच अर्धा-पाऊण तास उघड्यावर उजेडात राहायचे हा मोठा भाग, आणि तोच मला जड गेला. उठण्याची वेळ सुरुवातीला सात, मग दर पाच दिवसांनी वीस मिनिटे अलीकडे, आणि रविवारलाही सवलत नाही. रात्री नऊनंतर बैठकीतली पांढरी ट्यूब बंद ठेवून पिवळा दिवा लावायचा, दहानंतर मोबाइल स्वयंपाकघरात ठेवायचा. चहाचा शेवटचा कप दुपारी दोनचा. मेलाटोनिन आणि कॅफीन हे दोन्ही यकृतातील एकाच विकरामुळे (एन्झाइममुळे) मोडतात, म्हणून त्यांची सांगड न घातलेली बरी. गोळी घेतल्यावर वाहन चालवायचे नाही, आणि झोप आलेली नसताना अंथरुणावर पडून राहायचे नाही.

पहिल्या आठवड्यात मी कृष्णेच्या घाटावर जाऊन उभा राहत असे. चालण्याचे त्राणच नसे. मे महिन्यात सात वाजता ऊन चांगलेच वर आलेले असते. आयर्विन पुलाच्या कमानींवरचा उजेड पाण्यात पडलेला असे, पोहणारी मुले एव्हाना परतत असत आणि मी नुकताच उठलेला. तिसऱ्या आठवड्यापासून हरिपूरच्या संगमापर्यंत पायी जाऊ लागलो. नोंदवहीत झोप लागण्याची वेळ पहिल्या आठवड्यात २.३५, दुसऱ्यात १.५०, तिसऱ्यात १२.४०, आणि पाचव्या आठवड्याच्या शेवटी ११.२० अशी आहे. मधल्या काळात लग्नाच्या एका वरातीने दोन दिवसांत पाऊण तासाची कमाई धुऊन नेली, तेही तिथे लिहिलेले आहे.

रक्तदाबाच्या गोळीचे सांगायचे राहिले. मी चार वर्षे मेटोप्रोलॉल घेत आहे आणि तेही रात्री. पीनिअलकडे जाणाऱ्या त्या वळशाच्या वाटेवर शेवटचा निरोप नॉरअॅड्रेनलिन हे रसायन देते आणि तो ग्रंथीवरील बीटा ग्राहकांवर, म्हणजे असे निरोप झेलणाऱ्या रेणूंवर, पोहोचतो. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल यांसारख्या गोळ्या हृदयासाठी तेच ग्राहक अडवतात, त्यामुळे रात्रीचे मेलाटोनिन कमी होते. अमेरिकेत अशी औषधे घेणाऱ्या १६ रुग्णांपैकी काहींना तीन आठवडे २.५ मिलिग्रॅम मेलाटोनिन आणि बाकीच्यांना औषध नसलेली गोळी दिली, तेव्हा मेलाटोनिन घेणाऱ्यांची झोप सुधारल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. हे वाचून मला गोळीच बंद करावी असे वाटले होते, पण डॉक्टरबाईंनी सक्त बजावले की ही गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही थांबवायची नाही. त्यांनी माझ्या रक्तदाबाच्या डॉक्टरांना पत्र दिले, आणि त्यांनी ती सकाळी घ्यायला सांगितली.

म्हणजे मी एकाच वेळी गोळी, उजेड, चहा आणि रक्तदाबाच्या औषधाची वेळ अशा चार गोष्टी बदलल्या. प्रयोगशाळेत एखाद्या शिकाऊ मुलाने असा प्रयोग केला असता तर मी त्याची वही परत केली असती. श्रेय कोणाचे हे तपासावे म्हणून जूनच्या सुरुवातीला, डॉक्टरबाईंना सांगून, मी मेलाटोनिन थांबवले. बाकी सर्व तसेच ठेवले. दहा दिवसांत झोप पंधरा मिनिटे उशिरा गेली आणि तिथेच थांबली. मग पाऊस लागला, सकाळचे फिरणे पाच दिवस बुडाले, आभाळ भरलेले, घरात दिवसाही ट्यूब लावावी लागे. त्या पाच दिवसांत झोप चाळीस मिनिटांनी घसरली. एका माणसाच्या वहीला पुरावा म्हणत नाहीत हे मला कळते. तरी माझ्यापुरते बोलायचे तर गोळीने दार ढकलले असेल, पण ते उघडे धरून ठेवले सकाळच्या उजेडाने.

ऑक्टोबरमध्ये बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले, त्याच दिवशी मी वरिष्ठांकडे अर्ज दिला. माणसाचे घड्याळ बाहेरच्या खुणांविना चालू दिले तर चोवीस तासांहून थोडे मोठे चालते, म्हणून पाळी पुढे सरकवणे मागे ओढण्यापेक्षा शरीराला सोपे जाते. तेव्हा पहाटे चार, मग दुपारी बारा, मग रात्री आठ असा सरळ क्रम ठेवावा, एवढीच मागणी होती. पूर्ण कारखान्यासाठी ते शक्य नाही असे उत्तर आले, पण प्रयोगशाळेच्या नऊ जणांपुरता हा क्रम एक हंगाम करून पाहायला परवानगी मिळाली. बदलत्या पाळ्यांत मेलाटोनिनचा उपयोग नक्की नाही असे डॉक्टरबाईंनी आधीच सांगितले होते, त्यामुळे उरलेल्या अकरा बाटल्या, वजनाच्या चिठ्ठ्यांसह, कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेत.

हंगामाच्या पहिल्या आठवड्यात मला पहाटे चारची पाळी आली. सव्वादोनला गजर वाजला. कारखान्याची बस पावणेतीनला येणार होती. देवघरात अंधार होता, आई अजून झोपलेली होती. मी आवाज न करता चहा टाकला आणि अर्धा कप तिच्यासाठी झाकून ठेवला.